शंभर पाकिटांचा छंद

टपालाची तिकिटे जमविण्याचा छंद ज्या घरात एकदा शिरला, त्या घरातील मुलांना आलेले पत्र कोणाचे, यापेक्षा त्यावर कोणते तिकीट आहे, याचीच उत्सुकता अधिक असे. पाकिटाचा कोपरा कापून बशीभर पाण्यात भिजत घालावयाचा, तिकीट आपोआप सुटेपर्यंत धीर धरावयाचा, ते टीपकागदावर वाळवून वहीत बसवावयाचे. आणि सारखी दोन निघाली, तर एक मित्राला देऊन त्याच्याजवळचे नवे मिळवावयाचे. आज संपूर्ण संच बाजारात एकदम विकत मिळतो. वही एका दिवसात भरते. परंतु तिच्यातील रिकाम्या चौकोनाची हुरहूर मात्र त्याबरोबर नाहीशी होते.

ही हुरहूर पुन्हा निर्माण करता येईल काय? बारामती-इंदापूरच्या बाजूस एखाद्या छांदिष्टाने चित्रांकित पाकिटांची लहानशी आवृत्ती काढावयाचे मनात आणले, तर विषयांची वाण पडणार नाही. बारामतीत कविवर्य मोरोपंतांचे आयुष्य गेले. इंदापूरशी शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांची स्मृती निगडित आहे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने वसलेले वालचंदनगर इंदापूर तालुक्यातच आहे. १९१४ साली सुरू झालेल्या दौंड-बारामती लोहमार्गावर पूर्वी अरुंद रुळांची छोटी गाडी धावत असे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, ते तर चित्रकाराला आयते आमंत्रणच होय.

साधनही हाताशी आहे. भारतीय टपाल खात्याने २०११ साली 'माय स्टॅम्प' ही योजना पुढे आणली. तिच्यात व्यक्तीचे छायाचित्र, तसेच वास्तू, पशुपक्षी इत्यादींचे चित्र तिकिटाच्या शेजारी छापून मिळू लागले. १२ तिकिटांच्या तावास त्या वेळी ३०० रुपये पडत. म्हणजे ५ रुपयांच्या तिकिटामागे २५ रुपये. त्या दराने शंभर पाकिटांस ९ ताव, अर्थात २७०० रुपये लागले असते, आणि ८ तिकिटे शिल्लक उरली असती. पाकिटांचा कागद आणि छपाई यांचा खर्च निराळाच. हौसेला एवढा भार सोसवतो. व्यापाराला मात्र तो सोसवणार नाही.

खरा प्रश्न खर्चाचा नसून दुर्मिळतेचा आहे. थोड्या प्रती छापल्या की वस्तू मोलाची होते, असा पुष्कळांचा समज असतो. तिकिटांचा इतिहास वेगळे सांगतो. १ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये अर्ध्या आण्याची तिकिटे निघाली. आशियातील ही पहिली तिकिटे होत. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे आणि तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर यांच्या पुढाकाराने ती काढण्यात आली होती. लाखेसारख्या लाल वड्या टपालात तडकत. पांढऱ्या कागदावरील उठाव दिव्याच्या उजेडात दिसत नसे. १८५४ साली सर्व हिंदुस्थानासाठी तिकिटे निघताच ही बंद झाली. दुर्मिळ व्हावीत म्हणून ती कोणी छापली नव्हती. लोकांनी ती वापरली, फाडली, टाकून दिली. उरली तेवढी अमोल ठरली.

याच्या उलट उदाहरण १५ ऑगस्ट १९४८ चे. त्या दिवशी महात्माजींची चार तिकिटे प्रसिद्ध झाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमध्ये झाली होती. गव्हर्नर जनरलच्या उपयोगाकरिता 'सर्व्हिस' असे छापलेले केवळ १०० संच निराळे काढण्यात आले. आज त्यांच्यासाठी लिलावात चढाओढ लागते. पण ते शोधण्याचे सुख त्या वेळच्या कोणा शाळकरी पोराच्या वाट्यास आले नसेल. त्याच्या वहीत आले ते दीड आण्याचे तिकीट, मामाच्या किंवा आत्याच्या पत्रावरून निघालेले. श्रीमंतांच्या लिलावात किंमत शंभर संचांना येते. मुलांच्या वहीत प्रतिष्ठा मिळते ती दीड आण्यालाच.

तेव्हा नव्या छांदिष्टाने आपली पाकिटे कपाटात दडवून भाव चढण्याची वाट पाहू नये. ती टपालात टाकावीत. त्यांच्यावर बारामतीचा वा इंदापूरचा शिक्का उमटू द्यावा. पाचही विषय एकदम विकू नयेत. मोरोपंत एका ऋतूत निघावेत, रोहित पक्षी दुसऱ्या. काही प्रती अदलाबदलीसाठी शाळांतून द्याव्यात. आणि संख्या शंभर म्हणून जाहीर केली, की एकशे एकावी निघता कामा नये. शिल्लक ८ तिकिटांचे काय केले, हेही उघड सांगावे. संग्राहकाजवळ पारखण्याचे भिंग असते, पण छापणाऱ्याच्या घरात किती प्रती आहेत, हे त्या भिंगातून दिसत नाही. तेथे त्यास शब्दावरच विसंबावे लागते. तो शब्द एकदा मोडला, तर सर्व शंभर पाकिटे रद्दीच्या भावाची होतात.

इतके पाळले, तर बारामतीच्या एखाद्या मुलाजवळ दोन मोरोपंत असतील, इंदापूरच्या मुलीजवळ दोन रोहित. आणि दोघांनाही एकमेकांस पत्र लिहावयास निमित्त मिळेल. त्या पत्रावर चिकटेल ते तिकीट कोणते, याचा विचार दोघेही आधीच करू लागतील.