विद्यापीठाची विद्या आणि बाजारपेठेचा व्यवहार



मुलाने पदवी घ्यावी आणि गादीवर येऊन बसावे, एवढाच व्यापारी घराण्याचा विद्यापीठाशी संबंध, असा समज बाजारपेठांत दृढ आहे. डिंभ्याच्या भूमीत हा समज तपासून पाहण्यास उत्तम निमित्त आहे.

येथील धरणाच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. याच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाची मालमोटार अडविताना त्याने प्राणार्पण केले. त्या बलिदानाने स्वदेशीची ज्योत प्रखर झाली. परंतु स्वदेशी कापड परदेशी मालाच्या तोडीचे व्हावयाचे, तर त्यागाच्या जोडीला विद्याही हवी होती. सूत देशी, विणकर देशी. रंग मात्र बहुतांशी परदेशी, अशी तेव्हाच्या गिरण्यांची अवस्था होती.

याचे मूळ प्रयोगशाळेत होते. १८५६ मध्ये लंडनच्या रसायन महाविद्यालयातील अठरा वर्षांचा विद्यार्थी विल्यम पर्किन कोयनेल बनवू पाहत होता. हाती आला तो डांबरापासूनचा जांभळा रंग. पुढे जर्मनीने विद्यापीठ आणि कारखाना यांची सांगड घातली. प्राध्यापक बायर यांनी १८८० मध्ये कृत्रिम नीळ सिद्ध केली. ती स्वस्तात बनविण्यास कारखान्याला आणखी सतरा वर्षे खपावे लागले आणि १८९७ मध्ये ती बाजारात आली. त्यानंतर भारतातील निळीच्या शेतीस उतरती कळा लागली. १९१४ च्या महायुद्धात जर्मन रंग येईनासे झाले, तेव्हा येथील गिरण्यांना रंगांची तीव्र टंचाई भासली. एका देशाच्या विद्यापीठाने दुसऱ्या देशाचा व्यापार कसा पालटतो, याचा हा धडा होता.

तो धडा मुंबई विद्यापीठाने घेतला. १ ऑक्टोबर १९३३ रोजी, म्हणजे बाबू गेनूंच्या हौतात्म्यानंतर तीन वर्षांच्या आत, विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. पुढे ‘यूडीसीटी’ या नावाने तो ख्यातनाम झाला. आरंभीच्या अभ्यासक्रमांत वस्त्ररसायनास स्थान होते, ही बाब कापडाच्या व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. रंगरसायनाचे थोर अभ्यासक डॉ. के. वेंकटरामन १९३८ मध्ये या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची धुरा त्यांनी स्वीकारली. माटुंग्याच्या याच संस्थेत शिकलेल्या डॉ. केकी घरडा यांनी घरडा केमिकल्स उभारली, डॉ. अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये औषधनिर्मितीची कंपनी काढली. २००८ मध्ये या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या यशाचे रहस्य साधे आहे. कारखानदार आपली अडचण घेऊन प्राध्यापकाकडे जाई. प्राध्यापक तीवर सल्ला देई, एखादा विद्यार्थी तिलाच संशोधनाचा विषय करी. उत्तर कारखान्यात परत जाई, आणि कृतज्ञ उद्योगपती संस्थेला देणगी वा शिष्यवृत्ती देई. अडचण, अभ्यास, उपाय आणि दान असे हे चक्र होय. दानधर्माची परंपरा असलेल्या समाजास यातील शेवटची पायरी परिचित आहे. उणीव आहे ती पहिल्या पायरीची.

आता डिंभ्याच्या पश्चिमेकडील डोंगरांकडे पाहावे. आंबेगाव-जुन्नरच्या या पट्ट्यात महादेव कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करीत आले आहेत. कोवळे फळ वाळवून होतो तो बाळहिरडा. आयुर्वेदात हिरड्याचे महत्त्व सर्वश्रुत आहे. कापडाशी असलेले त्याचे नाते मात्र विस्मृतीत गेले आहे. हिरड्यातील टॅनिन सुताला धरून राहते आणि त्यावर रंग पक्का बसतो. लोहाच्या पाण्याशी त्याचा संयोग झाला की काळा रंग उमटतो. आंध्रातील कलमकारीचे कापड आजही आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवितात.

असे असूनही येथील हिरडा बहुतांशी कच्चा माल म्हणूनच पोत्यांतून बाहेर जातो. मालावर संस्कार जेथे होतात, नफाही तेथेच राहतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे उन्मळून पडली, तेव्हा या कुटुंबांचा आधार किती नाजूक आहे, हे सर्वांनी पाहिले.

नैसर्गिक रंगाच्या कापडास आज मागणी आहे. पण ग्राहकाला प्रत्येक ताग्यात एकच छटा हवी आणि धुण्यात रंग जाता कामा नये. फळ केव्हा तोडावे, उन्हात वाळवावे की सावलीत, टॅनिन किती उतरते, कोणत्या सुतावर ते टिकते, या प्रश्नांची उत्तरे दुकानाच्या गादीवर मिळत नाहीत. त्यासाठी माटुंग्याच्या संस्थेत तंतू व वस्त्रप्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे. झाडांच्या जोपासनेसाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, आणि अगदी हाकेच्या अंतरावर नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने तर नवसंशोधन व उद्योगास साहाय्य करणारे मंडळ विद्यापीठांत असावे, अशी तरतूदच केली आहे. दार उघडे आहे. प्रश्न घेऊन आत जाणारा हवा.

मात्र एक पथ्य पाळावे लागेल. निळीच्या इतिहासात ज्ञान एका बाजूस गेले आणि शेतकरी उघडा पडला. हिरड्याच्या बाबतीत तसे घडू नये. संशोधनातून वाढलेल्या मोलाचा वाटा झाडावर चढणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला, तरच तो व्यापार न्यायाचा म्हणता येईल.

म्हणून समाजाच्या शिष्यवृत्त्यांपैकी एखादी तरी अशा विद्यार्थ्यास द्यावी, जो येथील मालावर संशोधन करील. मग तो व्यापाऱ्याच्या घरातील असो वा हिरडा वेचणाऱ्याच्या झोपडीतील. व्यापाऱ्यांनीही वर्षातून एकदा आपल्या धंद्यातील अडचणींची यादी करून विद्यापीठाची पायरी चढावी. हुतात्म्याचे नाव लाभलेल्या या जलाशयाकाठी स्वदेशीचे उरलेले काम याच मार्गाने पुढे जाईल.