भूगोलाची पदवी : खर्च आणि मिळकत



माण, खटाव वा जत तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या मुलामुलींस भूगोलाच्या पदवीसाठी साताऱ्यास अथवा सांगलीस पाठवावे काय? कला शाखेचे शुल्क तुलनेने अल्प असते. खरा भार पडतो तो खोलीभाडे, खानावळ आणि एस.टी.चा. शिवाय तीन वर्षे घरचे दोन हात कमी होतात; हा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

हा भार ओळखूनच १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखविला. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ मध्ये त्याच विचारातून उभे राहिले.

मिळकतीचा विचार मात्र परखडपणे व्हावा. केवळ पदवीने पगार सुरू होत नाही. माध्यमिक शिक्षक होण्यास बी.एड.ची आणखी दोन वर्षे लागतात. त्यानंतरही जागेची वाट पाहावी लागते. म्हणून पदवीच्या काळातच सर्वेक्षण, नकाशालेखन आणि उपग्रहचित्रांचे वाचन आत्मसात करणे हिताचे ठरते.

या ज्ञानाची येथे निकड आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर माणदेशात जेमतेम पाचशे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. पाणलोट व पूररेषेच्या कामी ग्रामपंचायतींनी गावच्याच पदवीधरास मोबदला देऊन सामावून घेतले, तर त्या घराने सोसलेला खर्च कारणी लागेल आणि गावालाही आपल्या भूमीचा जाणकार लाभेल.