घरपोच किराणा आणि आपली पारख



पुण्या-मुंबईतल्या जुन्या इमारतींत, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर, कितीतरी वयस्कर जोडपी एकटी राहतात. मुलगा बंगळुरूला, मुलगी अमेरिकेत. पाच किलो कणीक आणि तेलाचा डबा घेऊन जिना चढणं आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. अशा घरी लेक तिकडून मोबाइलवर सामान मागवते आणि ते अर्ध्या तासात दारात येतं. ऑनलाइन किराण्याबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण ही सोय मी फार मोठी मानते.

वस्तू डोळ्यांनी न बघता यादी देऊन सामान मागवणं आपल्याला नवं नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करत आली आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, सामान एकत्र येतं, मग सगळ्यांनी मिळून वाटप करायचं. पण तिथे माल पारखून घेणारे कार्यकर्ते आपलेच असतात. मोबाइलवर मागवताना ती पारख कोण करणार? आपल्यालाच करावी लागते, आणि तीही हात न लावता.

दुकानात आपण काय करतो ते आठवा. भेंडीचं टोक मोडून बघतो. दुधीला नख लावतो. नारळ कानाशी धरून हलवतो. तांदळाबद्दल तर वाण्याला हमखास विचारतो, "जुना आहे ना?" नवा आंबेमोहर पाणी कमी घेतो आणि त्याचा भात चिकट होतो, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असतं. मोबाइलवर तांदळाचा सुरेख फोटो दिसतो, भावही दिसतो, पण तो जुना की नवा हे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की भाजी, फळं आणि भाताचा तांदूळ शक्यतो हाताने निवडून घ्यावा. मीठ, साखर, चहा, साबण खुशाल मागवावेत.

बंद पुड्यातही बघण्यासारखं असतंच. तेलाचं उदाहरण घेऊ. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारी अगदी तशीच दिसणारी दुसरी पिशवी असते, दहा-बारा रुपयांनी स्वस्त. आपण पटकन तीच निवडतो. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ८०० ग्रॅम. आता पाकिटावर किलोचा किंवा ग्रॅमचा दर छापणं बंधनकारक आहे. तो दर ताडून बघा. एकूण किंमत स्वस्त दिसणारी पिशवी पुष्कळदा दराने महाग निघते.

मग येतं बिल. सामान दोनशे रुपयांचं, त्यावर पोचवण्याचं शुल्क, हाताळणीचं शुल्क, ऑर्डर लहान म्हणून आणखी काही, पाऊस असला तर त्याचंही वेगळं. हे सगळं पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर समोर येतं. घाईत आपण बटण दाबून मोकळे होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. न विचारता यादीत वस्तू घुसडणं आणि शुल्क शेवटपर्यंत दडवून ठेवणं, हे दोन्ही त्यांत आहेत. तेव्हा पैसे भरण्याआधी बिलाची एकेक ओळ वाचा, आणि आईवडिलांनाही वाचायला शिकवा.

कोपऱ्यावरच्या वाण्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. पगार लांबला तरी तो सामान देतो, वहीत मांडून ठेवतो. डाळीत किडे निघाले तर पुडा निमूटपणे बदलून देतो. आणि आता तोही व्हॉट्सअॅपवर यादी घेतो, दुकानातला मुलगा सामान घरी आणून टाकतो, बहुतेक वेळा काही जास्त न घेता. महिन्याची यादी त्याच्याकडेच द्यावी असं मला वाटतं. अडीनडीला, रात्री-अपरात्री, किंवा दूरच्या आईवडिलांसाठी मोबाइल आहेच.

सामान दारात आलं की पिशवी लगेच उघडा. वजन आणि तारीख बघा. खाद्यपदार्थ हाती पडेल तेव्हा त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी निदान तीस टक्के किंवा पंचेचाळीस दिवस शिल्लक असावेत, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये ऑनलाइन किराणा विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलं आहे. माल खराब निघाला तर फोटो काढून तक्रार नोंदवा. सामान आणणाऱ्या मुलावर मात्र रागावू नका, पुडा त्याने भरलेला नसतो. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात तक्रार सोडवायची असते. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. पुन्हा सांगते, एक नऊ एक पाच. मराठीतही बोलता येतं. फोन करताना बिल तेवढं हाताशी ठेवा.