आधी निरीक्षण, मग अनुमान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'कॉम्प्युटरवर काहीतरी बोल' असं सांगितलं. माझी नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे मी मोबाइल किंवा एआयबद्दल बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी बोलणार आहे ट्रकमधल्या कॉम्प्युटरबद्दल. आपल्या बॅचमध्ये द्राक्षबागायतदार आहेत, कांद्याचे व्यापारी आहेत, दोघातिघांच्या घरी ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. पिंपळगाव-लासलगावचा माल शेवटी ट्रकमधूनच निघतो, तेव्हा विषय काही परका नाही.

पूर्वीच्या डिझेल ट्रकला कॉम्प्युटर नव्हता. डिझेल कधी आणि किती सोडायचं ते मेकॅनिकल पंप ठरवायचा, आणि मुरलेला मिस्त्री नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायचा. मग प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ लागू झालं आणि ट्रकमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, सर्रास दिसू लागला. हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त दाबाखालचं डिझेल इंजेक्टरमधून सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात सोडायचं, हे त्याचं काम. ज्या मायकोच्या नावाचं सर्कल आपल्या शहरात आहे, ती कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते. तिच्या सातपूरच्या कारखान्यात हेच इंजेक्टर आणि नोझल बनतात. म्हणजे या गोष्टीतला अर्धा भाग आपल्या गावचाच आहे.

माझ्या मामेभावाकडे २०१७ सालचा एक ट्रक आहे. ऐन द्राक्षाच्या हंगामात तो बंद पडला. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. डॅशबोर्डवर लाल दिवा, आणि गॅरेजचा स्कॅनर लावला तर ईसीयूशी बोलणंच होईना. गॅरेजवाला म्हणाला, कॉम्प्युटर गेला, नवीन टाका. त्याची किंमत मामेभावाच्या कर्जाच्या दोन हप्त्यांएवढी होती. त्यातच कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हरने टेपची वायरिंग करताना काहीतरी गडबड केली असणार. हे ड्रायव्हरकाका त्याच्याकडे अकरा वर्षं आहेत. ते काही बोलले नाहीत, नुसते बाजूला जाऊन बसले. मामेभावाचा मला फोन आला, "ताई, तू एकदा बघ. काकांना काय सांगायचं तेच कळत नाही."

मी मेकॅनिक नाही. पण बिघाड शोधायची रीत सॉफ्टवेअरमध्ये आणि ट्रकमध्ये एकच असते. पेटी बदलायच्या आधी, तिला जे मिळायला हवं ते मिळतंय का, हे बघायचं. आम्ही मल्टिमीटर आणि हेडलाइटचा एक बल्ब घेऊन बसलो. ईसीयूच्या कनेक्टरवर चोवीस व्होल्ट येतात का? नुसता मीटर लावून ते कळत नाही. केबलची एकच तार शाबूत असली तरी मीटर चोवीस दाखवतो. बल्ब पेटवला की खरं काय ते कळतं. बल्ब लख्ख पेटला. अर्थिंगही तसंच तपासलं. फ्यूज आणि रिले ठीक होते.

पुढची तपासणी शिक्षकांना आवडेल. गाडीतले कॉम्प्युटर दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात आणि त्या तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. समांतर जोडणी. आपण सगळ्यांनी फळ्यावर सोडवलेलं गणित आहे: उत्तर ६०. बॅटरी काढून मोजलं, मीटरवर ६० आले. १२० आले असते तर एक टोक तुटलंय असं समजायचं. म्हणजे तारा शाबूत होत्या.

शेवटी सेन्सर. ईसीयू सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो. एखादा सेन्सर शॉर्ट झाला तर तो हे पाच व्होल्ट खाली ओढतो आणि चांगला ईसीयूही मेल्यासारखा दिसतो. आम्ही एकेक करून सगळे सेन्सर सोडवले. तरी पाच व्होल्ट येईनात. आता मात्र दोष पेटीतच, हे पक्कं झालं. गॅरेजवाल्याचं बरोबर होतं, पण पेटी का गेली हे अजून कुणी विचारलंच नव्हतं. कारण न शोधता नवी टाकली असती, तर तीही गेली असती.

पेटी उघडली तर आत अर्थिंगच्या बाजूची पट्टी जळालेली. तेव्हा मामेभावाला आठवलं, दोन दिवस आधी हौद्याचा तुटलेला अँगल वेल्ड करून घेतला होता. बॅटरीच्या केबल काढल्या नव्हत्या आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प चॅसिसच्या दुसऱ्या टोकाला लावला होता. वेल्डिंगच्या करंटने परतीची वाट ईसीयूमधून काढली. टेपच्या वायरचा काही संबंध नव्हता. मामेभाऊ उठून काकांजवळ गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुमचं काही नाही. वेल्डिंग मीच करायला लावलं होतं." त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम ते होतं.

पेटी बदलण्याची गोष्ट मात्र इथे संपली नाही. पैसे वाचवायला म्हणून भंगार बाजारातून हुबेहूब दिसणारी जुनी पेटी आणली. कनेक्टर बसला, इंजिन सुरू झालं आणि काळा धूर ओकत थडथडायला लागलं. बाहेरून पेटी तीच, पण आतला प्रोग्राम दुसऱ्या इंजिनाचा होता. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं, ते अशाच कारणाने. एरियन ४ वर नीट चाललेला प्रोग्राम नव्या रॉकेटवर तसाच ठेवला होता. नव्या रॉकेटच्या वेगामुळे एक आकडा ठरवून दिलेल्या जागेत मावला नाही.

शेवटी नवीन पेटी आणून त्याच इंजिनाचा प्रोग्राम, चॅसिस नंबर आणि सहा इंजेक्टरचे सहा कोड तिच्यात भरले. प्रत्येक इंजेक्टर केसभर वेगळा बनतो. तो फरक त्याच्यावर कोरलेल्या कोडमध्ये असतो. तो कॉम्प्युटरला सांगितला, तेव्हा इंजिन शांत चालू लागलं.

हे सगळं भरायचं यंत्र आणि माहिती प्रत्येक गॅरेजला मिळत नाही, ही खरी अडचण आहे. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत वाहनं आणि शेतीची यंत्रंही आहेत. हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे, त्यावर आपण बोललं पाहिजे.

ज्यांच्याकडे ट्रक, पिकअप किंवा नवा ट्रॅक्टर आहे त्यांना माझं एवढंच सांगणं: गाडी चालू आहे तोवर ईसीयूवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. इंजेक्टरचे कोड दिसत असतील तर तेही टिपा. गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या केबल काढा, ईसीयूचा कनेक्टर सोडवा, आणि अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. कुणी 'कॉम्प्युटर गेला' म्हटलं तर 'काय काय मोजलंत?' हे शांतपणे विचारा.

आपल्या प्रयोगवहीत 'निरीक्षण' आधी आणि 'अनुमान' नंतर लिहायचं असायचं. अनुमान आधी लिहिलं की वही परत यायची. तेव्हा ती निव्वळ कटकट वाटायची. पण त्या क्रमामुळे एका माणसावरचा खोटा आळ टळला. ही शिस्त लावणाऱ्या माझ्या सगळ्या गुरुजनांना नमस्कार करते आणि थांबते.