फोटोत कोण, वहीत कोण?

आज एका शास्त्रज्ञाच्या वहीची गोष्ट सांगते. माणूस दूरदेशीचा आहे, पण त्याचं काम आत्ता तुमच्या कानाशीच आहे.

घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, खांद्याला अडकवून शेतात न्यायच्या लहान रेडिओला ते ट्रान्झिस्टर म्हणत. खरं तर हे नाव रेडिओच्या पोटातल्या एका छोट्या भागाचं. हवेतून येणारा संदेश फार क्षीण असतो. तो मोठा करायचं काम हा भाग करतो. आधी हे काम काचेचे व्हॉल्व्ह करायचे. ते तापायचे, जळायचे, वीज जास्त खायचे, म्हणून रेडिओही पेटीएवढा असायचा.

हा भाग ज्यांनी हातानं जुळवला ते वॉल्टर ब्रॅटन. जन्म १९०२ चा. लहानपण बरंचसं अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, घरच्या गुरांच्या रानात गेलं. त्यांची आई व्हिटमन कॉलेजात शिकलेली, गणितात हुशार. त्याच कॉलेजात ब्रॅटनही शिकले आणि १९२९ मध्ये बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. म्हणजे हे कंपनीच्या पगारावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. तिथं त्यांनी अडतीस वर्षं काढली.

डिसेंबर १९४७ मध्ये ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॉन बार्डीन यांनी साध्याच वस्तू घेतल्या. प्लॅस्टिकचा त्रिकोणी तुकडा, त्यावर सोन्याचा पातळ पत्रा, आणि खाली जर्मेनियम नावाच्या पदार्थाचा तुकडा. ब्रॅटन यांनी पत्र्याला टोकाशी ब्लेडनं बारीक चीर दिली आणि तो त्रिकोण स्प्रिंगनं जर्मेनियमवर दाबून धरला. एका बाजूनं आवाज सोडला, तर दुसऱ्या बाजूनं तो मोठा होऊन आला. २३ डिसेंबरला साहेबांपुढं ते बोलून दाखवलं.

आता वहीकडं येऊ. दुसऱ्याच दिवशी, २४ डिसेंबरला, ब्रॅटन यांनी प्रयोगशाळेच्या वहीत सगळं लिहून काढलं. काय जोडलं, काय ऐकू आलं आणि पाहायला कोण कोण होतं, त्यांची नावं. खाली साक्षीदारांच्या सह्या. त्या कंपनीची पद्धतच तशी होती : पानांना नंबर, प्रत्येक नोंदीला तारीख, आणि वाचणाऱ्यानं वाचून, समजून मगच सही करायची.

याची गरज पुढं कळते. त्यांच्या गटाचे प्रमुख विल्यम शॉकली मोठ्या बुद्धीचे होते. पुढं त्यांनी याहून टिकाऊ ट्रान्झिस्टरही शोधला. पण हा पहिला प्रयोग त्यांच्या हातचा नव्हता. तरी जाहिरातीसाठी जो फोटो निघाला, त्यात ब्रॅटन यांच्या टेबलाशी खुर्चीवर शॉकली बसलेत, आणि ब्रॅटन व बार्डीन मागं उभे. ब्रॅटन यांना तो फोटो कधीच आवडला नाही. शोधाचा हक्क, म्हणजे पेटंट, मात्र १९५० मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन या दोघांच्याच नावानं मिळालं. १९५६ चं नोबेल तिघांना मिळालं.

फोटो आजही छापला जातो. पण काम कुणी केलं हे पाहायला लोक वहीचं पान उघडतात. बेलच्या वह्या कंपनीच्या दप्तरात जपल्यात. ब्रॅटन यांची स्वतःची कागदपत्रं व्हिटमन कॉलेजात आहेत. निवृत्तीनंतर ते तिथंच शिकवायला गेले होते. १९८७ मध्ये ते वारले, कागद राहिले.

मैत्रिणींनो, आपल्याकडंही फोटो निघतात. पाहुणे आले की खुर्चीवर कोण बसतं, आणि आत पिठात हात घालून कोण असतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी ज्या गटांबरोबर काम करते, त्यातल्या एका गटाला दिवाळीच्या फराळाची मोठी ऑर्डर मिळाली. चकलीच्या भाजणीचं प्रमाण एका ताईंनी तीनदा घाणा बिघडवून बसवलं होतं. पैसे वाटताना वाद झाला, कोण किती दिवस आलं, प्रमाण कुणाचं. वही उघडली तर एकच ओळ : ‘ऑर्डर सर्वानुमते घेतली.’ दोन महिने बैठक बंद, आणि त्या ताई गट सोडून गेल्या. पैशापेक्षा माणूस गेलं याचं जास्त वाईट वाटतं.

नियमित हिशेब हे आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र. पण ते रुपयांपुरतं ठेवू नका. इतिवृत्ताच्या वहीत पानांना नंबर घाला. काम झालं की त्याच दिवशी लिहा : कोण आलं, किती तास, कुणी काय नवीन शोधलं. बिघडलेला घाणाही लिहा. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या. लिहिता न येणाऱ्या मावशीचं नावही ती केलेल्या कामासकट वहीत आलं पाहिजे. कोऱ्या पानावर सही कुणीच करायची नाही, अध्यक्षांनी सांगितलं तरी नाही.

आणि भरलेली वही रद्दीत घालू नका. सचिव बदलली की जुन्या वह्या मोजून नव्या सचिवेच्या हाती द्या, त्याचीही नोंद करा. पत्र्याच्या पेटीत, ओल आणि वाळवीपासून लांब ठेवा. उद्या तुमच्या लेकी विचारतील, हा गट कुणी उभा केला? त्यांना दाखवायला ते पान असू द्या.

येत्या बैठकीत आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचा, आणि त्यात कुणाचं नाव राहिलंय ते बघा.