सांगलीचा आवाज, साताऱ्यातली रात्र



आमचं लहानपण साताऱ्याचं. घरात रेडिओवर सांगली केंद्र लागायचं, 1251 किलोहर्ट्झवर. हे केंद्र 1963 साली सुरू झालं. दुपारी आवाज बारीक, पण एकसारखा. रात्री मात्र तो भरून यायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. त्या बुडण्याचा हिशेब मांडता येतो, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

दिवसा लहर जमीन धरून येते. कृष्णाकाठची ओल धरणारी काळी माती तिला मानवते, साताऱ्याकडचे डोंगर नाहीत. केंद्राच्या त्याच मनोऱ्यावरून आकाशात गेलेली लहर साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा, विद्युतभारित हवेचा डी थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहर थेट अडीचशे किलोमीटरवरच्या एफ थरापर्यंत पोचते आणि तिथून परत फिरते.

आता रात्री साताऱ्याच्या रेडिओत एकच गाणं दोन वाटांनी येतं. जमिनीची वाट सुमारे 110 किलोमीटर, आकाशाची पाचशेहून थोडी जास्त. लहरीची लांबी 240 मीटर. दोन्ही लहरींचे चढ जुळले तर आवाज वाढतो. एकीच्या चढावर दुसरीचा उतार आला तर बुडतो. भूमिती मांडून पाहिली, तर वरचा थर फक्त साठेक मीटर सरकला तरी बेरजेची वजाबाकी होते. अडीचशे किलोमीटर उंचीवर साठ मीटर!

म्हणूनच या थरांचं गणिती प्रारूप अवघड. कोणत्या उंचीवर किती इलेक्ट्रॉन, हे तास, ऋतू आणि सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र पाहून काढतात. जगभर वापरलं जाणारं आंतरराष्ट्रीय प्रारूप महिन्याची सरासरी सांगतं, आज रात्री आठ वाजताचं नाही. त्यासाठी प्रत्यक्ष मोजावं लागतं. आपल्या शेजारी कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या रडारनं ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचे वारे मोजले आहेत, तेही मध्यम लहरींच्या जवळच्याच, 1.98 मेगाहर्ट्झच्या लहरींनी. आपल्या डोक्यावरचं आकाश आपणच मोजावं, याचं मला मोठं अप्रूप आहे.

आवाज बुडाला की वडील उठायचे, रेडिओ उचलून खिडकीत ठेवायचे. तेवढ्यात थर सरकलेला असायचा आणि गाणं परत यायचं. "बघ, इथं लागतं," असं म्हणून ते तिथंच उभे राहायचे, रेडिओवर हात ठेवून.