हाताला आलेल्या विद्येचे गुण कोण देणार?

(भंडारा जिल्ह्यातील एका गावी भरलेल्या सभेत तेथील प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आजचा विषय कॉलेजातला आहे, आणि ह्या सभेत कॉलेज पाहिलेली माणसे थोडी आहेत. परंतु ज्यांनी कॉलेज पाहिले नाही त्यांच्याच हिताची ही गोष्ट असल्यामुळे ती येथेच बोलली पाहिजे. प्रश्न असा, की माणूस पोटासाठी राबता राबता जी विद्या मिळवितो, ती विद्यापीठाने विद्या म्हणून मोजावी की नाही? तिची परीक्षा घ्यावी, आणि ती खरी उतरल्यास पदवीच्या हिशेबात धरावी की नाही? मी म्हणतो, धरावी. आणि ही मेहेरबानी म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून.

आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांना पदव्या देणारे विद्यापीठ १९२३ साली नागपुरास निघाले. २००५ सालापासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. महाराज प्राथमिक शाळेच्या पलीकडे गेले नव्हते. अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे. बाबांच्या हाती आयुष्यभर खराटा होता, पाटी नव्हती. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव दिले. त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. ही नावे दिली हे उत्तमच झाले. परंतु ह्या तिघांपैकी कोणी उद्या आपल्याच नावाच्या विद्यापीठात प्रवेश घ्यावयास गेले, तर खिडकीमागचा कारकून आधी बारावीची गुणपत्रिका मागेल. ती नसली म्हणजे बहिणाबाईंनी बहिणाबाई विद्यापीठाच्या पायऱ्या उतराव्यात! ह्यात कारकुनाचा दोष नाही. नियमच तसा आहे.

थोर माणसांसाठी विद्यापीठांजवळ एक उपाय असतो. कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिकही झाले नव्हते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, पोरांना कमवून शिकावयास लाविले, आणि १९५९ साली, मृत्यूच्या थोडे आधी, पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही मानद पदवी दिली. पण मानद पदवी मिळण्यास माणूस कर्मवीर असावा लागतो. आपल्या गावच्या साध्या जाणत्या माणसाने काय करावे?

दूर कशाला जाता? आपण सारे जो तांदूळ खातो त्याचीच कथा पाहू. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे (मराठवाड्यातले नांदेड निराळे). तेथील दादाजी खोब्रागडे हे तिसरीपर्यंत शिकलेले, दीडएक एकराचे धनी. १९८३ साली त्यांना आपल्या बांधीत पटेल-३ ह्या जातीच्या धानामध्ये काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या तशाच कापून खळ्यावर टाकल्या असत्या. दादाजींनी त्या निवडून ठेवल्या, दर साली वेगळ्या पेरल्या, वेगळ्या काढल्या, आणि कित्येक हंगाम हे काम नेटाने चालविले. त्यातून बारीक दाण्याचा, चवीचा, भरघोस पिकणारा वाण हाती आला. त्या वेळी हातावरच्या घड्याळाचे जे नाव प्रसिद्ध होते तेच त्याला मिळाले, एचएमटी. १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले, आणि १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी ह्या नावाने वाण प्रसिद्ध झाला. आपले श्रेय आपल्याला मिळाले नाही, असे दादाजी शेवटपर्यंत सांगत राहिले. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही बियाणे शुद्ध केले. ह्या वादाचा निवाडा मी करीत नाही. पुढे दादाजींचे सत्कार झाले, २०१० साली फोर्ब्स मासिकाने त्यांचे नाव छापले, आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले.

माझा प्रश्न सत्काराचा नाही. निवड, वेगळी पेरणी, वर्षानुवर्षे तुलना, ही जी रीत दादाजींनी चालविली तिलाच कृषी कॉलेजात वाणनिवड म्हणतात. त्या विषयाचा पेपर लिहिणाऱ्या पोराला गुण मिळतात. तेच काम शेतात करून दाखविणाऱ्याला मिळत नाहीत. कॉलेजाच्या भाषेत ह्या गुणांना हल्ली 'श्रेयांक' म्हणतात. मोठा बोलका शब्द आहे. दादाजींना श्रेयासाठी भांडावे लागले, आणि श्रेयांकाचा तर कोणी विचारही केला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण ह्या बाबतीत कायदा आपल्या समजुतीपेक्षा पुढे गेला आहे. २०२१ साली श्रेयांकांची पेढी निघाली. बँकेत पैसे ठेवावे तसे विद्यार्थ्याचे श्रेयांक तीत जमा राहतात. २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात ३० तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक, वर्षाच्या १२०० तासांना ४०, असा हिशेब आहे. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १२०. आणि अनुभवातून मिळविलेली विद्यादेखील, परीक्षा घेऊन, ह्या हिशेबात धरता येईल असे त्यात लिहिले आहे. त्याच्याही आधी, २०१५ साली निघालेल्या कौशल्य विकास योजनेत कारागिराचे पूर्वीचे ज्ञान तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. गवंडी, सुतार, शिंपी अशा पुष्कळांना ती प्रमाणपत्रे मिळाली. परंतु त्या कागदाने कॉलेजचे दार आपोआप उघडत नाही. तो कागद सांगतो की हा मजूर बरा आहे. हा विद्यार्थी होऊ शकतो, असे तो सांगत नाही.

मग हे कोठेच झाले नाही काय? झाले आहे. २०२२ साली अग्निवीर भरती निघाली तेव्हा इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने त्या सैनिकांसाठी पदवी जाहीर केली, आणि तीत पन्नास टक्के श्रेयांक सैन्यात मिळालेल्या शिक्षणाचे धरले. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केला, की ज्याला आपल्या धंद्यात पंधरा वर्षांचा मोठा अनुभव आहे त्याला पदवीची अट न घालता 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून कॉलेजात शिकवावयास नेमावे. त्या यादीत पाणलोट, सेंद्रिय शेती, पंचायत राज हीसुद्धा क्षेत्रे आहेत! म्हणजे पदवी नसलेला माणूस शिकवू शकतो हे सरकारने मान्य केले. मग तोच माणूस बाकावर बसावयास आला तर त्याला कोरा का धरावे? फ्रान्सात २००२ सालच्या कायद्याने अनुभवाच्या आधारावर पदवी मिळविता येते. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचे राज्य गेल्यावर काळ्या कामगारांसाठी हीच मागणी पुढे आली; सारी कसबाची कामे त्यांनी करावी आणि दाखला मात्र गोऱ्याजवळ असावा, हा तेथला शिरस्ता होता. हा शिरस्ता आपल्याला अगदीच अनोळखी आहे असे नाही.

आता आपल्या तलावांकडे या. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी मंडळींनी ते बांधले. पाळ कोठे धरावी, तुडूम कोठे बसवावे, सांडवा किती उंच ठेवावा, वरच्या तलावाचे सुटलेले पाणी खालच्या बोडीत कसे जावे, हे त्यांनी कोणत्या कॉलेजात शिकले? आणि पाण्यातली विद्या ढिवर बांधवांची. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, पहिल्या पुरात तो कोणत्या दिशेने चढतो, बेशरम वाढले म्हणजे कोणता मासा आधी दिसेनासा होतो, हे त्यांना ठाऊक. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि ही विद्या विचारणारे कोणी उरले नाही. अलीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर आदी मंडळींनी, ढिवर जाणत्यांना बरोबर घेऊन तलावांतले बेशरम उपटले आणि पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते (ते आता गोंदिया जिल्ह्यात, १९९९ पर्यंत आपल्याच), तेव्हा तेथील माधवराव पाटलांकडून आपण काय शिकलो ते त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेविले. साहेब शिष्य झाला, ही दुर्मिळ गोष्ट. असो.

आता आक्षेप. पहिला असा, की उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, मी वीस वर्षे काम केले, मला गुण द्या. ह्या आक्षेपात तथ्य आहे. वीस वर्षे विड्या वळल्या म्हणून श्रेयांक द्यावे, हे मलाही मान्य नाही. त्या बाईला विडीने पाठदुखी दिली. विद्या फार थोडी दिली. श्रेयांक वर्षांना द्यावयाचे नाहीत, शिकलेल्या गोष्टीला द्यावयाचे आहेत. परंतु तीच बाई जर दहा वर्षे बचत गटाचा हिशेब ठेवीत असेल, बँकेशी व्याजाचा वाद घालून जिंकली असेल, तर वाणिज्याच्या पहिल्या वर्षातले काही तरी तिला नक्की येते. सरपंचपदाची पाच वर्षे ग्रामसभा चालविणाऱ्या बाईला पंचायत राज हा विषय पुस्तकातूनच पुन्हा पाठ करावयास लावणे म्हणजे पोहणाऱ्याला काठावर बसवून पोहण्याची व्याख्या विचारणे होय.

पण परीक्षा कोण घेणार? येथे खरी गोम आहे. ढिवराची परीक्षा इंग्रजी छापील प्रश्नांनी, संगणकापुढे बसवून घेतली, तर तो नापास होईल आणि वर लोक म्हणतील, पाहा, आम्ही सांगतच होतो. परीक्षा पाळीवर झाली पाहिजे, मराठीत, तोंडी आणि हातची; आणि परीक्षकांत प्राध्यापकाच्या शेजारी एक जाणता ढिवर बसला पाहिजे. ज्योतिरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले त्यात त्यांनी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरावयास न लाजणारे शिक्षक मागितले होते. मी परीक्षकही तसेच मागतो.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो, कारण तो आपल्याच माणसांचा आहे. ते म्हणतात, गुरुजी, धंद्याच्या विद्येचे एवढे कौतुक कराल तर आमची पोरे पुन्हा त्याच धंद्यात कोंडली जातील. ही भीती खोटी नाही. १९५३ साली मद्रासेत राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला दिवस घरचा धंदा, अशी योजना आणली. पेरियार व त्यांच्या लोकांनी हे जातीचे शिक्षण आहे असे म्हणून रान उठविले. १९५४ साली राजाजी गेले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली. योग्यच केले. म्हणून माझे म्हणणे नीट ऐका. हे श्रेयांक मोठ्या माणसासाठी आहेत. ज्याची शाळा गरिबीने सुटली, त्याला परत आत घेण्यासाठी. शाळेच्या वयाचे पोर रोवणीच्या दिवसांत बांधीत दिसले तर मी त्याच्या बापाशी आजही भांडेन, मग तो बाप मला कितीही अनुभवाची महती सांगो. आणि ढिवराला मिळालेले श्रेयांक त्याला मत्स्यशास्त्राकडेच नेतील असेही नाही. त्या जोरावर त्याने कायदा शिकावा, इतिहास शिकावा. अनुभवाने दार उघडावे. कोणत्या खोलीत जावे ते माणसाने ठरवावे.

आम्हा अध्यापक विद्यालयातून आलेल्या गुरुजींनाही हा जाच ठाऊक आहे. एका पदवीच्या प्रवेशाला गेलो तेव्हा माझे दोन वर्षांचे अध्यापनशिक्षण आणि शाळेतली तोवरची नोकरी शून्य धरली गेली. बालमानसशास्त्राच्या तासाला मी बाराखडीपासून बसलो. मला पगार होता, निभावले. रोजीवाल्याचे निभत नाही. तीन वर्षांची मजुरी बुडवून तो कॉलेजात कसा बसेल? ज्या विषयात त्याला आधीच येते त्याचे तास वाचले तर खर्च वाचतो, आणि मग तो उरलेल्या विषयांसाठी खरोखर बसू शकतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले तेव्हा शाळा सुटलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारीची वाट काढली होती. आपल्याला त्याच्या एक पाऊल पुढचे मागावयाचे आहे.

अध्यक्षांच्या परवानगीने मी ठराव मांडतो. सैनिकाला जे मिळाले तेच तलावाच्या, शेताच्या, मागाच्या आणि ग्रामसभेच्या विद्येला मिळावे. पदवीचे अर्धे श्रेयांक, परीक्षा उतरल्यावर, अनुभवाचे धरावे. ही परीक्षा तालुक्याच्या ठिकाणी मराठीत व्हावी, फी माफ असावी, आणि परीक्षकांत त्या कामातला जाणता असावा. हा अर्ज नागपूरच्या विद्यापीठाकडे आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजकडे जावा. अर्जासोबत नुसत्या सह्या नकोत, माणसे पाहिजेत. आपापल्या टोळीत तुडुमाचे काम कोण जाणतो, कोशाचा धागा कोण पारखतो, गटाचा हिशेब कोण ठेवतो, आणि त्यांपैकी शिकण्याची हौस कोणाला आहे, एवढे लिहून आणा. येत्या रविवारी शाळेचा वर्ग उघडा राहील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे. सातवीची मुले लिहून घेतील.